गाडी आडवी केल्याशिवाय

मोटरसायकल वेगात असताना पडते, असा लोकांचा समज आहे. चाळीस वर्षं पडलेल्या गाड्या पाहिल्यावर मी एवढंच सांगू शकतो, की बहुतेक गाड्या उभ्या उभ्या पडतात. साइड स्टँड मऊ मातीत रुततो. सिग्नलला पाय टेकवायला जावं तर नेमका तिथे खड्डा असतो. देवळाबाहेर ओळीने लावलेल्या गाड्यांपैकी पहिलीला कुणाची तरी पिशवी अडकते आणि शेवटची पडेपर्यंत सगळी गल्ली शांतपणे बघत उभी राहते. पडलेली गाडी उचलताना मालक आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मग टाकीवरून हात फिरवतो. आपला गुडघा फुटलाय हे त्याला घरी गेल्यावर बायको सांगते.

अशा पडण्यांवर माझा संसार चालला. मी मोटरसायकलींना गार्ड बनवतो. इंजिनाच्या पुढे, दोन्ही बाजूंना कोपरासारखी बाहेर आलेली वाकवलेली नळी असते ना, ती. गाडी पडली की आधी ती टेकावी आणि इंजिन, टाकी, गिअर वाचावेत, एवढंच तिचं काम. दुकान कसबा पेठेत, दोन रिक्षा मावतील एवढं. वडील तांब्याची भांडी ठोकायचे. मी लोखंडाच्या नळ्या वाकवायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "धातू त्याचंच ऐकतो जो त्याला घाई करत नाही." पुढे आयुष्यात एकदाच घाई केली. ती गोष्ट सांगायची आहे म्हणूनच हे लिहायला बसलो, नाहीतर या अंकाच्या संपादकांना मी नाहीच म्हणणार होतो. म्हणालोही होतो, की मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, "आमच्या अंकात लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना येत नाही. आपण संकोच करू नये."

आधी धंदा समजावून सांगतो. रिकामी नळी तशीच वाकवली तर आतल्या अंगाने चेपते आणि चेपली की तिथेच तुटते. म्हणून तिच्यात बारीक कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, तापवायची आणि मग हळूहळू वळवायची. हे माझं काम. जोडकाम इक्बालभाईंचं. एकतीस वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत आणि अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. भांडतानाही अहोच. त्यामुळे भांडण फार वेळ टिकत नाही.

गार्ड मजबूत असावा असं सगळ्यांना वाटतं. तो किती मजबूत असू नये, हे या धंद्यातलं खरं ज्ञान. एक दूधवाले गृहस्थ होते. दोन्ही बाजूंना कॅन लावून फिरायचे. त्यांना न वाकणारा गार्ड हवा होता. मी जाड नळी घेतली, बोल्ट न वापरता थेट चासीलाच जोडून दिला. नवखा होतो, गिऱ्हाइकाचं ऐकायचो. सहा महिन्यांनी गाडी दुभाजकाला घासली. गार्ड जसाच्या तसा, आणि चासीला तडा. धक्का कुठेतरी जिरायला हवा. गार्डाने वाकायचं, बोल्टाने तुटायचं आणि गाडीने वाचायचं, हा क्रम आहे. तेव्हापासून मी गार्ड बोल्टावर बसवतो, आणि वाकून परत आलेला गार्ड भंगारात देत नाही. दुकानाच्या भिंतीवर टांगतो. लोक विचारतात, हे काय लावून ठेवलंय? मी सांगतो, ही आमची प्रशस्तिपत्रकं. वाकलेल्या एकेका गार्डामागे कुणाचं तरी इंजिन शाबूत आहे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा लिहायच्या तर अंक पुरणार नाही. पेठेतलेच एक निवृत्त लेखापाल होते. गाडी वीस वर्षांची, पण शोरूममधून काल आणल्यासारखी. गार्ड बसवला, आणि आठवड्याने परत आले. म्हणाले, गार्डाला ओरखडा पडेल, त्यावर रबर चढवा. चढवलं. पुन्हा आले, रबर उन्हाने पांढरं पडतंय, त्यावर रेक्झिनचं कव्हर शिवून द्या.

मी म्हटलं, "अहो साहेब, उद्या कव्हरलाही कव्हर लागेल."

"लागलं तर येईनच," ते म्हणाले. "आपण दुकान बंद करणार आहात का?"

त्यांची गाडी कधीच पडली नाही. गार्डाने काय काम केलं हे मला आजवर कळलेलं नाही, पण त्यांना शांत झोप लागायची, तेही कामच म्हणायचं.

दुसरा खराडीचा एक संगणकवाला तरुण. मोबाइलवर परदेशातल्या गार्डचे फोटो आणि कागदावर छापलेली आकृती घेऊन आला होता. मला म्हणाला, "काका, आय हॅव डन माय रिसर्च. इम्पॅक्टचा लोड इथून फ्लो व्हायला पाहिजे." मी म्हटलं, "होईल. आधी गाडी आडवी करा." तो हसला. मला विनोद करता येतो असं त्याला वाटलं.

इथे दुकानातली पाटी सांगायला हवी. ती माझ्या हातची आहे. 'गाडी आडवी केल्याशिवाय गार्ड बनवला जाणार नाही. वाद घालायचा असल्यास गाडी बाजूला लावून घालावा.' त्याखाली एक कापसाची जुनी गादी गुंडाळून ठेवलेली असते. गार्ड बनवण्याआधी मालकाने आपली गाडी स्वतःच्या हाताने त्या गादीवर निजवायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी आणि इक्बालभाई धरायला असतोच. पेट्रोलचा कॉक बंद, टाकी निम्म्याच्या खाली. गाडी निजली की जमिनीला आधी काय टेकतं ते दिसतं. एखादीचं हँडलचं टोक टेकतं, एखादीची गिअरची पट्टी, एखादीचं नुसतं पोट. कागदावरच्या मापात हे कळत नाही. शिवाय पडलेली गाडी कशी उचलायची, तेही तिथल्या तिथे शिकवून होतं. गाडीकडे पाठ करायची, हँडल पूर्ण वळवून एका हाताने ते धरायचं, दुसऱ्या हाताने मागची दांडी, आणि कमरेने न ओढता पायांनी मागे मागे चालत जायचं. साठ किलोची बाई दीडशे किलोची गाडी उचलते, मी पाहिलंय. आणि एक फुकटचा सल्ला, ब्रेक-क्लचच्या लिव्हरचा बोल्ट गच्च आवळू नये. पडल्यावर लिव्हर थोडी फिरली तर मोडत नाही.

खराडीचा तो तरुण नवी कोरी गाडी गादीवर निजवताना देवाचं नाव घेत होता. उचलून झाल्यावर मात्र त्याने ती पुन्हा निजवली, कारण त्याला शेजारी बसून फोटो काढायचा होता.

गाडी निजली की शेवटची परीक्षा लाकडी पायाची. बूट बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून मी पावलाच्या आकाराचा लाकडी साचा आणला होता. इक्बालभाईंनी त्याला पोटरीएवढी बाभळीची दांडी ठोकली. त्याला माझा जुना नऊ नंबरचा बूट चढवला. तात्पुरता गार्ड अडकवायचा, लाकडी पाय फूटरेस्टवर ठेवायचा, गाडी निजवायची आणि तो पाय ओढून बघायचा. सहज निघाला तर गार्ड पास. अडकला तर नळी पुन्हा तापवायची. कारण गाडी पडताना पाय तिच्याबरोबरच खाली जातो. गार्ड आणि फूटरेस्ट यांच्यामध्ये त्याला बाहेर यायला वाट हवी. नाहीतर जो गार्ड गाडी वाचवतो तोच पाय धरून ठेवतो.

हे सगळं मला माहीत होतं. पाटी मीच लिहिली होती. तरीही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा झाली की मुहूर्ताचं एक काम करायची पद्धत आहे. नळ्या वाकवायच्या यंत्राला झेंडूचा हार, हातोड्यांना कुंकू, आणि मग जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याचं काम. त्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक कविता होती. वाशीमकडची मुलगी, वाघोलीत खोली घेऊन राहायची आणि खराडीच्या एका कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून काम करायची. पोलीस भरतीची तयारी चालली होती. पहाटे मैदानावर पळायचं, मग ड्युटी, मग अभ्यास. बसच्या वेळा जमेनात म्हणून तिने स्वतःच्या हिमतीवर मोटरसायकल घेतली. स्कूटर नाही, मोटरसायकल. "पुढं तीच चालवायची आहे ना," म्हणाली. पुढे म्हणजे पोलिसात. भरतीची ही तिची शेवटची संधी होती. पुढची निघेपर्यंत वय निघून गेलं असतं. मैदानी परीक्षेला दोन महिने उरले होते.

गाडी शोरूममधून थेट आमच्याकडे आली होती. हँडलला हार, पुढच्या दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक. बरोबर तिची आई होती, गाडीसाठी म्हणून गावाहून आलेली. लुगड्याच्या ओच्यात अक्षता होत्या.

मी नेहमीप्रमाणे पाटीकडे बोट दाखवलं आणि गादी ओढली. आई मध्ये आली.

"काहून जी, निजवता काय तिले?"

मी समजावलं. माप घ्यावं लागतं, पाचच मिनिटांचं काम, गादीवर काही होत नाही.

"गाडीमायची पूजा आताच झाली जी," ती म्हणाली. "हार घालून आडवं कोनाले करतेत, तुमीच सांगा मले."

कविता आईला म्हणाली, "आई, ते त्यांचं काम आहे, करू दे ना." पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. आणि मी, खरं सांगतो, गादी हातातून सोडून दिली. इतक्या वर्षांत मी शेकडो गाड्या निजवल्या होत्या. हार घातलेली गाडी आडवी कशी दिसेल हे मनात कधी आलंच नव्हतं. त्या बाईने ते एका वाक्यात डोळ्यापुढे उभं केलं.

इक्बालभाई म्हणाले, "ताई बरोबर बोलतायत. गाडी उद्या आणा. हार काढून करू."

उद्या कविताची ड्युटी होती. परवाही होती. आणि आईला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. तिला गार्ड बसलेली गाडी डोळ्यांनी बघून जायचं होतं. माझ्याकडे याच गाडीचा, आदल्या वर्षी बनवलेला एक गार्ड तयार होता. मोठा, मागे गिअरच्या पट्टीपर्यंत येणारा. मी म्हटलं, तीच तर गाडी आहे.

"मॉडेल नवं आहे," इक्बालभाई म्हणाले. "एकदा फूटरेस्ट बघून घ्या."

"बघितलं," मी म्हणालो. मी उभ्या गाडीकडे उभ्यानेच बघितलं होतं. कंपनीने फूटरेस्ट दोन बोटं पुढे घेतला होता. उभ्या गाडीला दोन बोटं दिसत नाहीत.

गार्ड बोल्टांवर अलगद बसला. आईने त्यालाही कुंकू लावलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. आपट्याचं पान दिलं. म्हणाली, "माही पोर सांभाळा जी." तिला गाडी म्हणायचं असावं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तिला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली होती.

दिवाळी होऊन गेली. एके सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. कविता कुबड्या घेऊन उतरली. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. रिक्षावाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला गार्ड आत आणून टेकवला. पाठोपाठ तिच्या कंपनीतला एक सहकारी तिची गाडी चालवत आला.

मी स्टूल पुढे केलं. ती बसली. मी काही विचारायच्या आधीच बोलली.

"गाडीला काही नाही झालं काका. एक ओरखडा नाही."

मग सगळं सांगितलं. पहाटे मैदानाकडे निघाली होती. वाघोलीत त्यांच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खणून खडी टाकलेली. वेग तर नव्हताच, समोरून टँकर आला म्हणून बाजूला घेतली आणि पुढचं चाक खडीत घसरलं. गाडी डावीकडे कलंडली. गार्ड टेकला, इंजिन वाचलं, टाकी वाचली. पाय गार्ड आणि फूटरेस्टच्या मध्ये राहिला. दोन माणसं धावत आली आणि पाय अडकलाय हे न बघता त्यांनी गाडी पुढे ओढली. घोटा तिथेच गेला. ऑपरेशन करून आत हाडाला धातूची पट्टी घातली होती. डॉक्टरांनी पळायचं नाव वर्षभर काढू नका म्हणून सांगितलं होतं.

"मैदानी परीक्षा?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना का विचारलं, कोण जाणे.

"पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली. "पत्र आलंय."

इक्बालभाईंनी गादी पसरली. गार्ड पुन्हा गाडीला अडकवला. लाकडी पाय फूटरेस्टवर ठेवला आणि आम्ही दोघांनी गाडी निजवली. मी पाय ओढला. निघाला नाही. वळवून ओढला. निघाला नाही. शेवटी आम्हाला गाडी उचलूनच तो काढावा लागला आणि तोवर त्याच्या बुटाची कड फाटली होती. एवढंच करायचं होतं दसऱ्याला. पाच मिनिटांचं काम.

कविता स्टुलावरून हे सगळं बघत होती. रागाने काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, कुबड्या सावरल्या आणि म्हणाली, "आईला मी सांगितलं नाही, असं कसं झालं ते. तुम्ही पण सांगू नका. तिला वाटेल तिच्यामुळं झालं."

"तुमच्या आईमुळे नाही झालं," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं."

ती नुसती मान हलवून गेली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तो गार्ड मी भिंतीवर टांगला. वाकलेल्या इतक्या गार्डांमध्ये तो एकटा सरळ आहे. लोकांना वाटतं तो नवा आहे, विकायला ठेवलाय. दोघांनी भावही विचारला. पूर्वी गिऱ्हाईक परत येऊन म्हणायचं, "काका, पडलो, पण गाडीला ओरखडा नाही," तेव्हा माझी छाती फुगायची. चाळीस वर्षं मी त्या वाक्यावर जगलो. आता कुणी तसं म्हणालं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो. मागे गिअरपर्यंत येणारे मोठे गार्ड बनवणं मी बंद केलं. त्यांच्या जागी नळीच्या कोपराला नायलॉनचे ठोकळे लावतो. ते रस्त्यावर घसरतात, रुतत नाहीत. आणि पाटीवर शेवटी एक शब्द वाढवला, 'दसऱ्यालासुद्धा.' रंग वेगळा लागला, त्यामुळे तो शब्द उगाच जास्त उठून दिसतो. दसऱ्याचं मुहूर्ताचं काम मात्र मी करेनासा झालो. पूजा करायचो आणि शटर ओढून घ्यायचो.

इक्बालभाईंनी मला एकदाही म्हटलं नाही, की मी सांगितलं होतं. एकदा मीच म्हणालो, "तुम्ही बोलला होतात." ते नळी घासत होते. म्हणाले, "मी एकदाच बोललो. दोनदा बोलायला हवं होतं." आमच्या एकतीस वर्षांतलं ते सगळ्यात मोठं भांडण असावं.

मध्ये दोन दसरे गेले. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला पूजा आटोपून मी शटरला हात घालणार, तोच गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा आवाज आला. माणसांचे चेहरे मी विसरतो, इंजिनांचे आवाज नाही. कविता होती. तीच गाडी, गार्ड नसलेली. हँडलला हार. मागे आई बसलेली.

कविताने गाडी लावली आणि चालत आत आली. मी तिच्या पायांकडे बघत होतो. डावा पाय टाकताना अगदी किंचित थांबायचा. न सांगता कुणाला कळलं नसतं.

"गार्ड बसवायचा आहे काका."

मी म्हटलं, "मी आता दसऱ्याला काम करत नाही." मग खरं ते बोललो. "माझ्याकडे कशाला आलात? पुण्यात चांगले गार्डवाले पुष्कळ आहेत."

"गेले होते की एकाकडं," ती म्हणाली. "त्यानं दहा मिनिटांत बसवतो म्हटलं. गाडी आडवी करायची नाही का विचारलं, तर हसला." ती थोडा वेळ पाटीवरचा तो जादा शब्द वाचत राहिली. "त्याची चूक अजून व्हायची आहे. तुमची होऊन गेली."

भरतीचं विचारायचा मला धीर झाला नाही. तिनेच सांगितलं. वय निघून गेलं. आता त्याच कंपनीत सुपरवायझर आहे, हाताखाली बावीस माणसं. "पळते अजून सकाळची. आता कोणी घड्याळ लावून बसत नाही, तेवढं बरंय." हे ती हसून म्हणाली, पण त्या हसण्यावर माझा काही हक्क नव्हता.

मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती भिंतीवरच्या त्या सरळ गार्डासमोर उभी होती. त्याच्यावर कुंकवाचा डाग अजून होता. तो पुसायला माझा हात धजला नव्हता.

"मले सांगतलं हिनं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोन वर्सानं सांगतलं. मी आडवी आली नसती तं..."

"ताई," मी म्हणालो, "पाटी माझी होती. तुम्ही आईसारखं बोललात. मी कारागिरासारखं वागायला हवं होतं."

ती गाडीपाशी गेली, हँडलचा हार काढला आणि आपल्या मनगटावर घेतला. मग कोपऱ्यातली गादी स्वतः ओढून आणली आणि गल्लीकडच्या उजेडात पसरली. सुरकुती राहिली होती ती हाताने सपाट केली.

"निजवा जी," म्हणाली.

इक्बालभाईंनी नळी तापवायला घेतली. मी माप घेतलं, सकाळभर दोघांनी मिळून नवा गार्ड केला, आखूड, फूटरेस्टपासून चांगला लांब. दुपारी तो अडकवला आणि मी लाकडी पाय आणायला वळलो.

"तो राहू द्या," कविता म्हणाली. "माझा घ्या."

मी नाही म्हणालो. इक्बालभाईही नाही म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती गाडीवर बसली, डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, तोच पाय, आणि आम्हाला म्हणाली, "धरा आणि हळूहळू सोडा." आम्ही दोघांनी दोन बाजूंनी गाडी धरली. गाडी इंचाइंचाने कलली. गार्डचा ठोकळा गादीला टेकला. तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी डोळे मिटून घेतले हे मला नंतर इक्बालभाईंनी सांगितलं.

"काका," कविताचा आवाज आला, आणि तो खालून नव्हे, वरून आला. डोळे उघडले तर ती माझ्या शेजारी उभी होती. "पाय निघालाय केव्हाच. सोडा आता गाडी."

मी हात काढले. तिच्या आईने ओच्यातलं कुंकू घेतलं, गादीशेजारी बसली आणि आडव्या गाडीचीच पूजा केली.